पुढचं उजवं चाक

अ‍ॅरिझोनातला फ्लॅगस्टाफचा घाट उतरून घरगाडी दक्षिणेच्या रस्त्याला लागली, काटा पंचावन्नच्या पुढे गेला आणि मर्ल कास्पारेकच्या हातातलं स्टिअरिंग पहिल्यांदा थरथरलं. त्याने वेग कमी केला तेव्हा थरथर थांबली. वाढवला तेव्हा पुन्हा सुरू झाली. त्याने शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, "नेडीन, तुला काही जाणवतंय का गं?"

नेडीनच्या हातात कॉफीचा पेला होता. कॉफीवर एकामागून एक वर्तुळं उठत होती. पायाखालची फळी गुणगुणत होती, कपाटातल्या बशा एकमेकींना लागून कुरकुरत होत्या. तिने पेला तोंडाला लावून एका दमात रिकामा केला आणि म्हणाली, "नाही बाई. काय?"

असं का म्हटलं ते तिलाही त्या वेळी सांगता आलं नसतं. ठरवून खोटं बोलणारी माणसं थोडी. बहुतेकांच्या तोंडातून ते आधी निसटतं आणि मग कारणं येऊन त्याला चिकटतात. नेडीनकडे तर अकरा वर्षांची कारणं साठलेली होती.

अकरा वर्षांपूर्वी मर्ल निवृत्त झाला आणि त्याने नेब्रास्कातलं राहतं घर विकलं. "दोन वर्षं देश बघू, मग छोटंसं घर घेऊ," असं तो म्हणाला होता. घरातल्या सामानाचा लिलाव त्याने एका रविवारी लावला, नेडीन चर्चमध्ये असताना. ती परत आली तेव्हा गोधड्या शिवायची तिची लाकडी चौकट कुणाच्या तरी ट्रकमध्ये चढत होती. ती चौकट तिच्या आजीची होती. "ती गाडीत बसणार कुठे?" मर्लने विचारलं, आणि प्रश्न बरोबरच होता. बरोबर प्रश्न विचारून बायकोचा जीव घेण्यात आमची माणसं पटाईत असतात.

दोन वर्षांची चार झाली, चाराची अकरा. उन्हाळ्यात नेब्रास्कात पुतण्याच्या शेतावर, हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, आणि मधले महिने रस्त्यावर. नेडीनला फार काही नको होतं. रोज सकाळी दार उघडलं की समोर तेच झाड दिसावं, एवढंच. नेब्रास्कातल्याच लिंकन शहरात तिची बहीण आर्लिस राहायची. तिच्या शेजारचं तळमजल्यावरचं घर एप्रिलमध्ये रिकामं होणार होतं. नेडीनने दोनदा विषय काढला. मर्ल दोन्ही वेळा हसला आणि म्हणाला, "अजून दोन वर्षं." वर चार लोकांत सांगूनही टाकलं, "आमच्या हिला घर हवंय. अगं, घरातच तर बसली आहेस. फक्त ते पळतं." सगळे हसले. नेडीनही हसली, कारण तिथे बसून दुसरं काय करणार?

आता मर्लच्या हातांबद्दल सांगायला हवं, कारण ते हात म्हणजे त्याची सगळी मिळकत होती. चौतीस वर्षं त्याने शेताशेतावरून दूध गोळा करून डेअरीत नेणारा टँकर चालवला. अर्धवट भरलेल्या टँकरमधलं दूध ब्रेक दाबला की पुढे धावतं आणि गाडीला मागून ढकलतं. नवशिके ड्रायव्हर त्या धक्क्याने खड्ड्यात गेलेले आहेत. मर्ल ब्रेक असा लावायचा की दुधाला कळायचं नाही. "बाकीच्यांच्या टँकरमध्ये लोणी निघतं, माझ्यात कधी निघालं नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. कुठल्या चाकात हवा कमी आहे ते तो उतरून न बघता सांगायचा. आणि नव्या पोरांना एक नियम शिकवायचा, की गाडीचा दोष शेजारी बसणाऱ्यालाही जाणवतो. एकट्या ड्रायव्हरला जाणवला तर तो दोष गाडीचा नसतो.

हा नियम नेडीनने चौतीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकला होता.

तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. मर्लच्या वडिलांना कंपवात झाला होता. चमचा तोंडापर्यंत जाईपर्यंत सूप सदऱ्यावर सांडायचं. शेवटची नऊ वर्षं मर्लच्या आईने त्यांना हाताने भरवलं. या माणसाला मरणाची भीती नव्हती, वादळाची नव्हती, घाटातल्या बर्फाची नव्हती. फक्त या एका गोष्टीची होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने तिला सांगितलं होतं, "माझे हात गेले ना, तर त्या दिवशी गाडी सोडेन. कुणाचा जीव घेणार नाही."

गाडी सोडण्याला आमच्या वाळवंटातल्या मुक्कामात किल्ली टांगणं म्हणतात. कपडे धुण्याच्या शेडमध्ये एक फळी आहे, तिच्यावर खिळे ठोकलेले. ज्याचं गाडी चालवणं संपलं त्याने आपल्या गाडीची एक किल्ली तिथे टांगायची आणि खाली चिकटपट्टीवर नाव लिहायचं. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून केक खायचा. पुढच्या हिवाळ्यात त्यातले निम्मे दिसत नाहीत. बायका त्या फळीखाली चादरींच्या घड्या घालतात आणि वर बघत नाहीत.

मुक्कामाला पोचेपर्यंत मर्लने नेडीनला आणखी पाच वेळा विचारलं. पाचही वेळा ती नाही म्हणाली, आणि प्रत्येक वेळी म्हणणं सोपं होत गेलं.

दुपारी चार वाजता मंडळी आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन गोल करून बसतात. मर्लने विषय काढला. आपल्या हातांचं नाव न काढता नुसतं म्हणाला की पुढची चाकं बॅलन्स करायची आहेत, काय करावं? झालं. देव, राजकारण आणि टायर या तीन गोष्टींवर आमच्याकडे प्रत्येकाला बोलता येतं, पैकी पहिल्या दोहोंवर मंडळी जरा आवरून बोलतात. शिसेवाले म्हणाले, मशीनवर चाक चढवावं, मशीन सांगेल तेवढं शिशाचं वजन रिमला ठोकावं. मणीवाले म्हणाले, छे, टायरच्या आत काचेचे बारीक मणी सोडावेत. चाक फिरलं की ते आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात, पुन्हा बघायला नको. एक जण म्हणाला की त्याचा मेहुणा टायरमध्ये गोल्फचे चेंडू टाकतो. मेहुणा कुठे आहे असं कुणी विचारलं, तर म्हणे गेल्या वर्षी वारला, पण टायरमुळे नाही.

शेजारच्या जागेवरचा ओक्लाहोमाचा गारलंड टीग कट्टर मशीनवाला होता. तो म्हणाला, "मर्ल, आकडा बघ. आकडा खोटं बोलत नाही." मर्लला ते पटलं. तो म्हणाला, उद्याच टायरवाल्या ओल्गीनकडे जातो.

नेडीन खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. आकडा हा शब्द ऐकला आणि तिचे हात थांबले. मशीन चाकाचा दोष आकड्यात लिहून दाखवणार. मग मर्लचे हात सुटले, तो सुटला, अजून दोन वर्षं. आणि आर्लिसच्या शेजारचं घर दुसरं कुणीतरी घेणार. त्या वाटाण्यांच्या टोपलीवर वाकून तिने जे ठरवलं ते मात्र ठरवून ठरवलं. फ्लॅगस्टाफचं खोटं निसटलेलं होतं, असं म्हणता येईल. यापुढच्याला ती सवलत नाही.

ओल्गीनचं टायरचं दुकान हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली. माणूस पन्नाशीचा, रुंद, कमी बोलणारा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "सेन्योर, मी चाक काढतो. आधी सुईसमोर फिरवून बघतो, गोल आहे का ते. मग मशीनवर चढवतो. दुपारपर्यंत सगळं कळेल." मण्यांचं विचारलं तेव्हा म्हणाला, ते तर अर्ध्या तासाचं काम. चाक काढायचीही गरज नाही, व्हॉल्व्हमधून नळीने सोडतो. "पण मणी वजन सारखं करतात. टायर अंड्यासारखा झाला असेल तर मणी त्याला गोल नाही करणार."

मर्ल मशीनकडे बघत होता. नेडीनने त्याचा दंड धरला आणि त्याला छपराच्या कडेला घेऊन गेली. आवाज अगदी मऊ ठेवला.

"मर्ल, मशीनवर शून्य आलं तर? चाकात काहीच दोष नाही निघाला तर?"

त्याने मान वळवून पुन्हा मशीनकडे बघितलं.

"नाही, आलं तर? मग काय ते कायमचं कळेल. तुला जाणून घ्यायचंय का आत्ताच? ख्रिसमस तोंडावर आलाय."

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण ज्याला आपलं तोंड बघायचीच धास्ती असते त्याच्या हातून आरसा काढून घेणं फार सोपं असतं. मर्लच्या चेहऱ्याचा रंग उतरला. चौतीस वर्षांत हा माणूस एकाही टायरला घाबरला नव्हता, आणि आता एका यंत्राच्या काचेवर उमटणाऱ्या आकड्याला घाबरला. नेडीनला ते दिसलं. तिला त्याची दयाही आली. पण दयेने तिचा हात थांबला नाही.

मर्ल परत आला आणि म्हणाला, "मणी टाक."

ओल्गीन म्हणाला, निदान एकदा उचलून फिरवू द्या, दहा मिनिटं. मर्ल म्हणाला, "मणी टाक म्हटलं ना." ओल्गीनने खांदे उडवले आणि मण्यांची पिशवी आणायला गेला. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा त्याचा नियम. तोही वाईट नियम नव्हे.

मणी पडल्यावर ते दोघं गाडी घेऊन बाउस गावाच्या रस्त्याला गेले. सरळ, रिकामा रस्ता. काटा पन्नासवर गेला, साठवर गेला. उन्हाळाभर पुतण्याच्या शेतावर एकाच जागी उभं राहून पुढचं उजवं चाक कमजोर झालं होतं आणि फ्लॅगस्टाफच्या घाटात अंड्यासारखं वेडंवाकडं झालं होतं. ते जसं होतं तसंच राहिलं, आणि आत मणी खुळखुळत राहिले. स्टिअरिंग थरथरत होतं. बशा कुरकुरत होत्या.

"आता?" मर्लने विचारलं.

"सुरेख चालली आहे," नेडीन म्हणाली. "पाण्यावरून चालल्यासारखी."

मर्लने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात समोर धरले, बोटं पसरून. शहात्तर वर्षांचा माणूस तासभर थरथरतं स्टिअरिंग आवळून बसला की त्याचे हात कापणारच. तुमचे कापतील, माझे कापतील. त्याचेही कापत होते. जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत असा तो त्यांच्याकडे बघत होता.

इथे थांबता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. नेडीन त्या हातांकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "तुझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं का रे?"

मर्लने हात मांडीखाली घातले. मग तो उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूने आला आणि म्हणाला, "तू घे." परतीची वाट नेडीनने चालवली, चाळिसाच्या आत. चाळिसाच्या आत चाक काही बोलत नव्हतं.

शनिवारी त्याने किल्ली टांगली. चिकटपट्टीवर नाव नेडीनने लिहिलं, कारण त्याने पेन हातात घेतलं नाही. केक आणला होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गारलंडला वाईट वाटलं, त्याने मर्लला मिठी मारली. घरगाडी गारलंडनेच घेतली. त्याची स्वतःची जुनी झाली होती. हिवाळाभर ती मर्लच्याच जागेवर उभी राहणार होती आणि ते दोघं तिच्यातच राहणार होते, त्यामुळे ती निघून जाताना मर्लला बघावं लागलं नाही. एवढंच काय ते बरं झालं.

एप्रिलमध्ये ते लिंकनला आले. तळमजल्यावरचं घर नेडीनच्या मनासारखं होतं. दार उघडलं की समोर एक मॅपल, आणि दुसऱ्या दिवशीही तोच मॅपल. पहिले पंधरा दिवस ती रोज सकाळी दारात उभी राहून त्याच्याकडे बघायची. आर्लिस येऊन बसायची, दोघी बहिणी जुन्या कापडांचे तुकडे जुळवायच्या. नेडीनला वाटलं, झालं ते झालं. मर्ललाही कळेल हळूहळू. माणूस सगळ्याला सरावतो.

मर्ल खरोखरच सरावला, पण वेगळ्याच गोष्टीला. आधी त्याने दाढी स्वतः करणं सोडलं. म्हणाला, वस्तरा गळ्याला लागेल. मग सदऱ्याची बटणं. मग कॉफी अर्धाच पेला मागायला लागला, मग पेल्याला झाकण, मग नळी. दिवसभर खिडकीशी हात मांडीखाली घालून बसायचा. त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात तपासले, रेघा काढायला लावल्या, चालायला लावलं, आणि सांगितलं की कंपवाताचं काहीही लक्षण नाही. वयाच्या मानाने हात उत्तम आहेत. मर्लने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर नेडीनला म्हणाला, "बाबांनाही दोन वर्षं हेच सांगत होते."

मे महिन्यात त्याने चमचा खाली ठेवला. टोमॅटोच्या सुपाचे दोन थेंब टेबलावर पडले होते, कुणाचेही पडतात तेवढेच. तो त्या थेंबांकडे बघत राहिला आणि चमचा पुन्हा उचलला नाही. तेव्हापासून नेडीन त्याला भरवायला लागली. तिन्ही त्रिकाळ. आर्लिसकडे जायचं तर दोन जेवणांच्या मध्ये, आणि तेही घड्याळाकडे बघत. कापडाचे तुकडे पिशवीतच राहिले. अकरा वर्षं पळत्या घरात कोंडलेली बाई आता न पळणाऱ्या घरात कोंडली गेली, आणि या वेळी कडी तिने स्वतः लावली होती. असं कुणाचं झालं की आम्ही म्हणतो, करावं तसं भरावं. पण तिने केलं त्यातलं निम्मं त्या म्हाताऱ्याला भरावं लागत होतं, आणि त्याने काय केलं होतं? एक चौकट विकली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गारलंडचा फोन आला. यंदा तो उशिराच उत्तरेकडे निघाला होता. म्हणाला, पहिल्याच दिवशी पंचावन्नच्या पुढे गेलो तर स्टिअरिंग थरथरायला लागलं, आणि मी काही म्हणायच्या आत बायको ओरडली की हे काय, माझी बत्तिशी खिळखिळी होतेय. तसाच मागे फिरलो, ओल्गीनकडे गेलो. त्याने चाक काढलं, सुईसमोर फिरवलं. पुढचं उजवं, साफ आउट. गोल म्हणून उरलाच नव्हता टायर. नवा घातला, आता सत्तरवर नेतोय आणि एका बोटाने धरतोय.

"मर्लला सांग," गारलंड म्हणाला, "त्याचे हात बरोबर होते. चाक खोटं होतं." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुला कसं गं जाणवलं नाही, नेडीन?"

नेडीनने फोन ठेवला. आतून मर्लने विचारलं, कोण होतं? ती म्हणाली, चुकीचा नंबर.

नऊ दिवस तिने ते पोटात ठेवलं. या नऊ दिवसांत तिने त्याला सत्तावीस वेळा भरवलं, आणि प्रत्येक वेळी तो तिला, अगदी प्रत्येक वेळी, "थँक यू, नेडीन," म्हणाला. लग्नाच्या बावन्न वर्षांत त्याने तिला एवढ्या वेळा हे म्हटलं नव्हतं. तिला ते सहन होईना. शिवी दिली असती तर तिने पचवली असती.

दहाव्या दिवशी दुपारच्या जेवणाला तिने वाडगं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फ्लॅगस्टाफची कॉफी सांगितली, ओल्गीनच्या छपराखाली मुद्दाम काय बोलली ते सांगितलं, बाउसच्या रस्त्यावर बशा वाजत होत्या ते सांगितलं. गारलंडचा फोन सांगितला. बोलता बोलता ती रडली, पण थांबली नाही. "तुझ्या हातांना काही झालेलं नाही, मर्ल. कधीच झालं नव्हतं. मला हे घर हवं होतं म्हणून मी खोटं बोलले. मला माफ करू नकोस, पण हात बाहेर काढ. हा चमचा धर."

मर्लने सगळं ऐकलं, मान जरा तिरकी करून, टँकरचं इंजिन ऐकायचा तसं. तिला वाटलं आता तो ओरडेल. ती त्याची वाटच बघत होती. ओरडला असता, ताट फेकलं असतं, घरातून निघून गेला असता तर तिने दारात उभं राहून देवाचे आभार मानले असते.

तो हसला. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता.

"गारलंडला मध्ये घ्यायची काय गरज होती?" तो म्हणाला. "उगीच बिचाऱ्याला खोटं बोलायला लावलंस."

"खोटं नाही, मर्ल. देवाशपथ. आत्ता फोन लावते, तूच विचार त्याला."

"नको. तो तेच सांगेल, भला माणूस आहे." त्याने मान हलवली. "आईसुद्धा बाबांना असंच सांगायची. म्हणायची, तुमचे हात नाहीत हो, ट्रॅक्टरच खिळखिळा झालाय, मीच नीट ठेवला नाही. सगळं स्वतःवर घ्यायची. आम्हां पोरांनाही तसंच सांगायला शिकवलं होतं." तो तिच्याकडे बघत राहिला. "मला वाटायचं, एवढी माया बाबांच्याच नशिबी होती."

मग त्याने तोंड उघडलं. सूप निवत होतं. नेडीनने चमचा भरला.